शब्दचर्चा: 'अर्ली कस्टमर'ला मराठीत काय म्हणावं? 'बोहनीचे गिऱ्हाईक' चालेल का?

अनुवाद_धंतोली
नव्या सॉफ्टवेअर कंपन्यांसाठीच्या एका मार्गदर्शिकेचं मराठी चालू आहे. पहिले दहा-वीस ग्राहक व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, रेडिट अशा ठिकाणच्या समूहांतून कसे मिळवायचे, हा विषय. मसुद्यात 'अर्ली कस्टमर्स'साठी 'बोहनीचे गिऱ्हाईक' असं होतं. तपासणीत ते खोडून 'प्रारंभिक ग्राहक' झालं, आणि शेरा आला: 'बोहनी हिंदी, मराठीत भवानी.' पुस्तिका विदर्भातल्या मुलामुलींच्या हातात जाणार आहे. नागपूरच्या इतवारी बाजारात सकाळी बोहनीच होते. 'प्रारंभिक ग्राहक' वाचलं की सरकारी परिपत्रक उघडल्यासारखं वाटतं. काय ठेवावं?

कोशाळू
शेरा बरोबर आहे. पहिल्या विक्रीचा पैसा देवीचं नाव घेऊन कपाळाला लावतात, म्हणून भवानी. पुण्या-मुंबईच्या बाजारात हाच शब्द आहे. तो हाताशी असताना बोहनी कशाला?

इतवारी_पेठ
कोशाळू दादा, मला उलटा प्रवास पटतो. बोहनीचं बोलताना भोनी होतं, भोनीची भवानी, आणि देवी मागाहून कानाला जवळची म्हणून आली. ते बाजूला ठेवा. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशची राजधानी होतं. इथल्या बाजाराने हिंदी आणि मराठी एकाच तागडीत तोलल्या आहेत. इथल्या माणसाच्या तोंडी शंभर वर्षं असलेला शब्द परका कसा? परका तर 'प्रारंभिक' आहे, तो कोणाच्याच तोंडी नाही.

कोशाळू
तोंडी आहे म्हणून पुस्तकात घ्यायचं, तर परिभाषा कधी उभीच राहणार नाही. 'दिनांक' आणि 'महापौर' हेही एकेकाळी कोणाच्या तोंडी नव्हते.

वाडीनाका
भाऊ, हिंदी-मराठी राहू द्या. अर्थ बसून नाही राहिला, ते पहा. बोहनी रोज सकाळी होते, नव्या मालाचं पहिलं गिऱ्हाईक एकदाच येतं. बोहनीला कोणीही चालतो, दारात आला तो लक्ष्मी. त्याला रिकाम्या हाती पाठवत नाहीत, भाव पाडूनही देतात. सॉफ्टवेअरवाल्याने असं केलं की तो बुडाला. पहिला आलेला माणूस म्हणतो, यात पगारपत्रक टाका; दुसरा म्हणतो, गोदामाचा हिशेब टाका. दोघांनाही हो म्हटलं की तीन महिन्यांत मूळ वस्तू ओळखू येत नाही. पहिली दहा गिऱ्हाईकं एकाच दुखण्याची पाहिजेत, निवडून घेतलेली.

एक गोष्ट मात्र बोहनीकडून घ्यावी: बोहनीला उधारी नसते. पहिल्या दहांकडून थोडे का होईना, महिन्याला ३००-५०० रुपये घ्यावेत. फुकट वापरणारा 'छान आहे' म्हणतो आणि आठ दिवसांत उघडणं सोडतो. पैसे दिलेला माणूस बटण चाललं नाही तर रात्री अकराला फोन करतो. तो फोन मोलाचा असतो.

कोशाळू
अर्थाचा मुद्दा मान्य. मग 'पहिलटकर ग्राहक'? पहिलटकरीण हा शब्द घरोघरी माहीत आहे.

इतवारी_पेठ
पहिलटकरणीची स्वतःची पहिली वेळ असते. इथे पहिली वेळ वस्तूची आहे. ग्राहकाने याआधी चार सॉफ्टवेअरं वापरून टाकून दिलेली असतील, तर तो उलट जास्त उपयोगाचा. 'आद्य ग्राहक' म्हणाल तर आद्य शंकराचार्यांसारखा पीठस्थापक वाटतो.

मका_कापूस
मुळात दोन इंग्रजी शब्दांची गल्लत होते आहे. 'अर्ली कस्टमर' म्हणजे लवकर विकत घेणारा, तो कोणत्याही स्वभावाचा असेल. 'अर्ली अ‍ॅडॉप्टर' ही स्वभावाची जात आहे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ एव्हरेट रॉजर्सने १९६२ मध्ये ती मांडली: सगळ्यांत आधी नवं वापरून पाहणारे अडीच टक्के, त्यांच्या मागोमाग धजणारे (हेच अर्ली अ‍ॅडॉप्टर) साडेतेरा, मग इतरांचं पाहून येणारे ३४, उशिरा येणारे ३४ आणि शेवटी मागे राहणारे १६. याचं मूळ शेतीत आहे. अमेरिकेतल्या आयोवात संकरित मका कसा पसरला, याचा रायन आणि ग्रॉस यांचा अभ्यास १९४३ चा. त्यात दिसलं की बियाण्याची पहिली खबर बहुतेकांना विक्रेत्याकडून लागली, पण पेरायचं ठरवलं ते शेजाऱ्याच्या शब्दावर. आधी थोड्याच वावरात पेरून पाहिलं, मग वाढवलं. समूहात ग्राहक शोधायचा तो याचसाठी. तिथे शेजारी असतात. स्वभावासाठी 'धजणारा' हे क्रियापदावरून आलेलं नाम मला आवडतं. कापसाचं नवं वाण आधी कोण धजून लावतो, हे आपल्याकडे गावात प्रत्येकाला माहीत असतं.

झिरोमाईल
मी एक सुचवते. आपल्याकडे जत्रेचे तीन शब्द आहेत: हौशे, नवशे, गवशे. समूहातल्या माणसांची याहून चांगली विभागणी मला माहीत नाही.

हौशे म्हणजे नवं दिसलं की लावून पाहणारे. स्टार्टअपवाल्यांच्या समूहात हेच भरलेले असतात, आणि बहुतेक स्वतःच काहीतरी बनवत असतात. प्रॉडक्ट हंट या नवी सॉफ्टवेअरं मांडायच्या संकेतस्थळावर आलेल्या वस्तूकडे पहिल्या दिवशी हेच येतात.  आकडा चढतो, दोन आठवड्यांनी कोणी राहत नाही. दोष काढायला हौशे चांगले, पैसे द्यायला नाहीत. गवशे म्हणजे गवसेल ते घेणारे, फुकट खातं आणि कूपन पाहून आलेले.

शोधायचे ते नवशे. ज्याने मनात नवस बोलला आहे की हा त्रास सुटला तर काहीही देईन. तो ओळखू येतो, कारण त्याने सुटका करून घ्यायची काहीतरी खटपट आधीच केलेली असते: चार पानांची एक्सेल, भिंतीवरचा तक्ता, किंवा त्या कामासाठी ठेवलेला मुलगा. समूहाच्या शोधपेटीत वस्तूचं नाव घालू नये, त्रासाचे शब्द घालावेत. नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांसाठी काही बनवत असाल तर 'ई-वे बिल एक्सपायर', 'गाडी अडकली', 'मुदत वाढवायची कशी' हे शोधा. राज्याबाहेर जाणाऱ्या ५० हजारांवरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे माल नेण्याचा जीएसटीचा ऑनलाइन कागद, लागतं, साधारण २०० किलोमीटरला एक दिवसाची मुदत, आणि वाढवून घ्यायला मुदत संपण्याआधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास एवढीच खिडकी. मुदत मध्यरात्री संपते, म्हणजे खिडकी दुपारी चारला उघडते; सकाळी आठला ती बंद झाली की दंडाचं संकट. हे ज्याने वर्षात तीनदा लिहिलं आहे, तो नवशा.

वाडीनाका
ताई, शब्द एकदम बरोबर बसला. पुढचं मी सांगतो, कारण चुका इथेच होतात.

समूहात शिरल्यावर दोन-तीन आठवडे फक्त वाचायचं. वर टाचलेले नियम आधी. मग दहा-पंधरा प्रश्नांची पूर्ण उत्तरं द्यायची, दुव्याशिवाय. पहिल्याच संदेशात दुवा दिला की अ‍ॅडमिन काढतो आणि पुन्हा घेत नाही. मांडण्याआधी अ‍ॅडमिनला खाजगीत विचारायचं. समूहातले नंबर उतरवून सगळ्यांना एकच मजकूर पाठवणं तर अजिबात नको. लोक तक्रार करतात, व्हॉट्सअ‍ॅप नंबर बंद करतं, आणि धंद्याचा नंबर तोच असेल तर जुनी गिऱ्हाईकंही गेली. ब्रॉडकास्ट यादीचाही उपयोग नाही. तुमचा नंबर ज्याने साठवला आहे त्यालाच ती पोचते, आणि यादीत २५६ च माणसं.

नवशा सापडला की त्याच्याच तक्रारीचा उल्लेख करून दोन ओळी लिहायच्या आणि वीस मिनिटं मागायची. त्या वेळात वस्तू दाखवायची नाही. 'असं मिळालं तर घ्याल का' हेही विचारायचं नाही. आपला माणूस भिडस्त, तो हो म्हणतो. 'मागच्या वेळी नेमकं काय झालं, कोणाला फोन केला, किती पैसे गेले' एवढंच. मग त्याच्याच मशीनवर बसून चालू करून द्यायचं. ऑनलाइन पैसे घ्यायची सोय देणाऱ्या स्ट्राइप कंपनीचे संस्थापक कॉलिसन बंधू सुरुवातीला हेच करत, 'दुवा पाठवतो' न म्हणता समोरच्याचा लॅपटॉप मागून घेत.

आणि वेळ पाळा. हिशेबनिसांच्या समूहात महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आधीचे दोन-तीन दिवस काही मांडू नका, जीएसटीची विवरणं भरायची असतात. ट्रान्सपोर्टवाल्याला संध्याकाळी, माल भरायच्या वेळी, छेडू नका.

कोशाळू
माहिती उत्तम. पण 'नवशे' हे श्रद्धेचं आहे. नवस फेडताना माणूस देवाला देतो, दुकानदाराला नाही. शिवाय 'गवशे' हे यमकासाठी जोडलेलं असावं. शास्त्रीय पुस्तिकेत अशी जोडी शोभत नाही. 'गरजवंत ग्राहक' म्हणा.

मका_कापूस
'गरजवंताला अक्कल नसते' ही म्हण लगेच आठवते, आणि इथे तर डोळस माणूस हवा आहे. 'गवशे' सरळ गवसणेवरून आहे, नुसतं यमक नव्हे.

इतवारी_पेठ
त्याहून मोठी अडचण 'समुदाय'ची आहे. पुस्तिकेत 'ऑनलाइन समुदाय' असेल तर तेही बदला. समुदाय म्हणजे जातीपंथाचा वाटतो. 'कट्टा' बरा.

झिरोमाईल
कट्टा पुण्या-मुंबईचा. आपल्याकडे पानठेला. अर्थही नेमका आहे: ठेल्यावर रोज उभा राहतो त्याचं ऐकतात, एकदाच येऊन पत्रकं वाटणाऱ्याचं नाही.

कोशाळू
पानठेला छापणार? मराठीत पानटपरी.

वाडीनाका
टपरी चहाची, दादा. पानाचा ठेलाच असतो इकडे.

इतवारी_पेठ
ठेला तरी कुठला मराठी? ठेलणे, ढकलणे यावरून ढकलगाडी. आता तर चाकंही नसतात त्याला, तरी ठेलाच.

अनुवाद_धंतोली
सगळ्यांचे आभार. 'धजणारे' स्वभावासाठी घेतो, 'बोहनी' उधारीच्या परिच्छेदात ठेवतो, 'नवशे' शीर्षकात. पण चौथ्या प्रकरणातलं उदाहरण एका लेखापाल बाईंचं आहे. नवशाचं स्त्रीलिंग काय करायचं? 'नवशी' लिहिलं तर वाचणाऱ्याला कळेल का?