दोन अंकी संख्या, दोन विधाने: एकच विधान पुरेसे कसे ठरते?

पेठेतली परीक्षार्थी

नमस्कार. मी सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी करते. सी-सॅटच्या (पूर्वपरीक्षेतल्या कलचाचणीच्या पेपरच्या) सरावात ‘दिलेली माहिती पुरेशी आहे का’ या प्रकारचा पुढील प्रश्न आला. दोन अंकी संख्या कोणती? विधान १: ती संख्या तिच्या अंकांच्या बेरजेच्या चौपट आहे. विधान २: ती संख्या तिच्या अंकांच्या गुणाकाराच्या दुप्पट आहे.

दशकस्थानी क्ष आणि एककस्थानी य धरून मी प्रत्येक विधानाचे एकेक समीकरण मांडले आणि दोन चलांसाठी दोन समीकरणे लागतात, या शाळेपासून पाठ असलेल्या नियमाप्रमाणे ‘दोन्ही विधाने मिळून पुरेशी’ हा पर्याय निवडला. दोन्ही मिळून ३६ हे उत्तर येते, ते मी ताडूनही पाहिले. उत्तरसूचीत मात्र ‘केवळ विधान २ पुरेसे’ असे दिले आहे. चूक सूचीत आहे की माझ्या विचारात? अंकांवरची माझी बहुतेक उदाहरणे अशीच चुकतात, म्हणून नुसते उत्तर न देता विचार कसा करावा ते कृपया सांगावे.

निवृत्त गणितशिक्षक, कोथरूड

उत्तरसूची बरोबर आहे. आपण वापरलेला नियम चलांना कोणतीही किंमत घेण्याची मोकळीक असते तेव्हाचा आहे. अंकांना ती मोकळीक नसते: य हा ० ते ९ पैकी एक पूर्णांक, क्ष हा १ ते ९ पैकी एक, म्हणजे एकूण संख्या अवघ्या ९०. ही अट प्रश्नात लिहिलेली नसली तरी ‘अंक’ या शब्दातच ती आलेली असते, आणि बऱ्याचदा दुसऱ्या समीकरणाचे काम तीच करते.

विधान १ वरून १०क्ष + य = ४(क्ष + य), म्हणजे य = २क्ष. यातून १२, २४, ३६ आणि ४८ अशा चार संख्या मिळतात, म्हणून ते अपुरे. विधान २ वरून १०क्ष + य = २ × क्ष × य. येथे नऊ किमती घालून पाहण्याची गरज नाही. १०क्ष उजवीकडे नेले की य = २क्ष(य − ५) असे रूप मिळते. य शून्य धरला तर क्षही शून्य येतो, आणि ते चालत नाही. म्हणून य धन आहे, त्यामुळे य − ५ सुद्धा धन असले पाहिजे. शिवाय उजवी बाजू सम आहे, म्हणून य सम. उरतात ६ आणि ८. य = ६ घेतल्यास क्ष = ३; य = ८ घेतल्यास ८ = ६क्ष, ज्यातून पूर्णांक निघत नाही. संख्या ३६ हीच.

‘दोन्ही मिळून’ हा पर्याय एकटे कोणतेही विधान पुरत नसेल तेव्हाच निवडायचा असतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी विधान २ वाचताना विधान १ वर पट्टी ठेवायला लावत असे, कारण आधी वाचलेली माहिती नकळत पुढच्या विचारात शिरते.

अंकप्रेमी

सरांच्या विवेचनाला एक पुरवणी जोडतो. याच प्रश्नात ‘दुप्पट’च्या जागी ‘तिप्पट’ केले, तर विधान २ मधून १५ आणि २४ अशा दोन संख्या निघतात आणि ते विधान अपुरे ठरते. मग विधान १ सोबत घेतल्यावरच २४ निश्चित होते. म्हणून गुणाकाराचे विधान दिसले की ते पुरेसेच असणार, असा नवा नियम मनाशी बांधू नये.

याच्या उलट फसगतही होते. ‘अंकांची बेरीज ९ आहे’ आणि ‘संख्या व तिचे अंक उलटवून मिळणारी संख्या यांची बेरीज ९९ आहे’ ही विधाने दोन वाटतात, पण दुसरी बेरीज ११(क्ष + य) इतकी असते, म्हणजे माहिती तीच. १८ पासून ९० पर्यंतच्या नऊ संख्या दोन्ही अटी पाळतात, आणि उत्तर ‘दोन्ही मिळूनही अपुरी’ असे येते.

पेठेतली परीक्षार्थी

दोघांचेही मनापासून आभार. ‘तिप्पट’चे उदाहरण सरांच्या पद्धतीने करू पाहिले, पण तेथे तसा सुटसुटीत कंस निघाला नाही; य = १०क्ष ÷ (३क्ष − १) असे लिहून नऊही किमती तपासल्या, तेव्हा १५ आणि २४ मिळाले. आणखी एक शंका आहे. ‘अंकांची बेरीज ९’ आणि ‘संख्या व उलट संख्या यांतील फरक २७’ यांवरून मी ६३ काढले होते. ते तरी बरोबर आहे का?

निवृत्त गणितशिक्षक, कोथरूड

नाही. नुसता ‘फरक’ म्हटला की मोठी संख्या कोणती हे कळत नाही, त्यामुळे ३६ आणि ६३ दोन्ही बसतात आणि माहिती अपुरी राहते. ‘मूळ संख्या उलट संख्येपेक्षा २७ ने मोठी आहे’ असे शब्द असते, तर ९(क्ष − य) = २७, म्हणून क्ष − य = ३, आणि ६३ निश्चित झाले असते. हा ९ चा गुणक लक्षात ठेवावा: अंकांची अदलाबदल केल्यावर येणारा फरक ९ ने नेहमीच विभाज्य असतो, म्हणून ‘फरक ९ ने विभाज्य आहे’ असे विधान आले तर त्यातून नवीन काहीही मिळत नाही. आपल्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले गणितज्ञ द. रा. कापरेकर यांच्या नावाने ओळखली जाणारी ६१७४ ही संख्याही अशाच वजाबाकीतून येते, ७६४१ − १४६७, आणि तिलाही ९ ने नि:शेष भाग जातो.