ॲपल आता खरंच काही नवीन काढतंय का नुसता नंबर वाढवायलेत?

लातूरकर_पाव्हणा:
मंडळी, सोयाबीनची पट्टी हातात आलीय अन् आमच्या मेव्हण्याचं एकच चालू हाय, आयफोन १३ देऊन १७ घ्यायचा. मी म्हणलं कामून, तर म्हणतो कॅमेरा. आता कॅमेरा तर त्यांचा दरवर्षीच आजपर्यंतचा सगळ्यात भारी असतो. पण फोन घ्यावा का न्हाई हे मला विचारायचंच न्हाई, ते घरातलं घरात मिटंल. माझा प्रश्न असा की २००१ ला आयपॉड, २००७ ला आयफोन, २०१० ला आयपॅड, दहा वर्षांत तीन वस्तू अशा काढल्या की बाकीच्या कंपन्यांना आपलं दुकान नव्यानं मांडावं लागलं. त्यानंतर काय? घड्याळ अन् कानातले इअरफोन. कंपनी काढणारा स्टीव्ह जॉब्स २०११ ला गेला अन् तिथून पुढं सगळं संपलं असं वाटायलंय मला. का आपल्याला दिसत न्हाई असं काही चालू हाय? कळणाऱ्यांनी सांगा, फॅन लोकांनी जरा दम धरा.

मोंढा_नाका:
काही चालू नाही भाऊ. पोळ्याला शिंगं रंगवतात तसं दर सप्टेंबरला रंगवून आणतात, बैल तोच. साध्या आयफोनला १२० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारी स्क्रीन कधी दिली तर २०२५ ला, १७ मध्ये. आपल्याकडं पंधरा-वीस हजाराच्या अँड्रॉइडला ती कितीतरी आधी आली होती. घडीचा फोन सॅमसंगनं २०१९ मध्येच काढला, सुरुवातीला स्क्रीन खराब झाल्या, लोक हसले, पण काढला की नाही? टाइप-सी १५ ला आली ती पण युरोपनं कायदा केला तेव्हा. अन् डोळ्यावर लावायचा तो व्हिजन प्रो, ३,४९९ डॉलर, अर्ध्या किलोच्या वरचं वजन डोक्यावर अन् बॅटरी खिशात, वायर लोंबती. कोण घालून बसणारे ते. एआयचं तर बोलूच नका, जून २०२४ ला नवी सिरी, म्हणजे फोनमधली बोलून काम सांगायची ती, दाखवली, टीव्हीवर जाहिराती केल्या अन् मार्च २०२५ ला म्हणे अजून टाइम लागंल.

शूटिंगवाला_बीड:
दादा फोनचं तुमचं बरोबर असंल पण ॲपल म्हणजे नुसता फोन न्हाई ना राव. मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. आधी विंडोजचा मोठा लॅपटॉप होता, उन्हाळ्यात, म्हणजे ऐन लग्नसराईत, फॅन असा वाजायचा की नवरीचा बाप विचारायचा हे काय चालू हाय, अन् लाईट गेली की काम बंद, चार्जर काढला की त्याचा स्पीडच पडायचा. आता ॲपलच्या स्वतःच्या एम१ चिपचा मॅकबुक एअर हाय, त्याला फॅनच न्हाई. फोरके फुटेज टाकतो, लाईट जाऊ द्या न्हाईतर येऊ द्या, बॅटरीवर पण तेवढ्याच स्पीडनं चालतंय. हे २०२० चं मशीन हाय बरं का. याला नवीन म्हणायचं न्हाई तर मग कशाला म्हणायचं? फक्त बाहेरून डबडं तेच दिसतंय मनून कुणाच्या ध्यानात येत न्हाई.

लातूरकर_पाव्हणा:
हे भारी सांगितलं. पण मग चिप एवढी जबरी करता येती तर एआयला गाडी कामून अडकली? दोन्हीत डोकंच लागतंय की.

गोदाकाठचा_मास्तर:
पाव्हणं, आधी तुमच्या प्रश्नातली यादी तपासा. आयपॉडच्या आधी एमपीथ्री प्लेअर बाजारात होते. २००७ च्या आयफोनला थ्रीजी नव्हतं, व्हिडिओ शूटिंग नव्हतं, कॉपी-पेस्ट नव्हतं (ते २००९ ला आलं), ॲप स्टोअर सुद्धा नव्हतं, ते जुलै २००८ चं. २००७ च्याच नोकियाच्या एन९५ ला यातलं बरंच काही होतं. म्हणजे जॉब्स असतानाही ही कंपनी पहिली कधी नव्हतीच, दुसऱ्यांनी अर्धवट केलेलं उचलून नीट बसवायची. बोटांनी झूम करायचं जे आपण रोज करतो त्याच्यासाठी त्यांनी २००५ मध्ये फिंगरवर्क्स नावाची एक छोटी कंपनीच विकत घेतली होती.

चिपचं पण तसंच. २००८ ला पी.ए. सेमी ही चिपची कंपनी घेतली, २०१० ला ए४ चिप, २०१३ ला आयफोन ५एस मध्ये ए७, फोनमधली पहिली ६४ बिट चिप, अन् नोव्हेंबर २०२० ला एम१. बारा वर्षं खपले तेव्हा ते शूटिंगवाल्या भाऊंचं मशीन झालं. प्रोसेसर अन् ग्राफिक्सला एकच मेमरी, इकडून तिकडं डेटा कॉपी करत बसायची गरज नाही, अन् व्हिडिओसाठी चिपमध्येच वेगळी सोय, म्हणून फॅनशिवाय भागतं. इतकी वर्षं मॅकला चिप देणारी इंटेल त्यांनी सोडून दिली, ती हिंमत कमी नाही. स्टेजवर दाखवायला मात्र त्यात काही नसतं.

आता एआय. माझं मत असं की तिथं त्यांची सवयच आडवी आली. यांना होता होईल तेवढं फोनच्या आत करायचं, माहिती बाहेर जाऊ द्यायची नाही, ही गोष्ट मला पटते, पण त्याला आतमध्ये मेमरी लागते. त्यांच्या एआयला किमान आयफोन १५ प्रो पाहिजे, त्याला ८ जीबी, मेव्हण्याच्या १३ ला ४. बाकीचे लोक एआय मोठमोठ्या सर्व्हरवर पळवायलेत, चुकलं तरी लोकांसमोर चुकतात अन् पुढच्या महिन्यात सुधारतात. यांना अर्धवट दाखवायची सवय नाही, अन् २०२४ ला नेमकं तेच करून बसले. शिवाय सिरी २०११ ची, आयफोन ४एस ची. तेव्हा पुढं होते हो!

मोंढा_नाका:
मास्तर चिपचं मान्य. पण पैशाचं पण सांगा ना मग. २०२४ च्या आर्थिक वर्षात विक्री साधारण ३९१ अब्ज डॉलर अन् संशोधनावर ३१ च्या आसपास, म्हणजे शंभरातले आठ. अन् त्याच वर्षी मे महिन्यात स्वतःचेच शेअर परत विकत घ्यायला मंजुरी किती, तर ११० अब्ज. नवीन काही सुचत असतं तर एवढा पैसा स्वतःच्याच शेअरमध्ये कोण घालील. मोटारीवर दहा वर्षं घालवली अन् २०२४ ला ते पण गुंडाळलं.

मोबाईल_रिपेअर_परभणी:
मोटार गुंडाळली ते बरंच झालं, रिपेअर कुणी केली असती 😄

मी दुकानातून लिहायलोय, गिऱ्हाईक हाय समोर, थोडक्यात सांगतो. तुम्ही सगळे स्क्रीन अन् चिपवर भांडायलात, मला जे नवीन वाटलं ते गोंदात हाय. खरंच. आयफोनची बॅटरी खाली चिकट पट्ट्यांनी बसवलेली असती, त्या हळूहळू ओढून काढाव्या लागतात अन् मधीच तुटली की हीट द्या, पातळ पट्टी घालून उचका, अन् बॅटरी वाकली तर धूर निघायची भीती. १६ अन् १६ प्लसला त्यांनी असा गोंद टाकला की त्याला ९ व्होल्टची साधी बॅटरी, मल्टिमीटरमधी असती ती, लावली की दीडेक मिनिटात आपोआप सुटतो. ना हीट ना उचकाउचकी. आम्हा कारागिरांसाठी त्या कंपनीनं एवढा इचार केला हे बघून मीच गार झालो. त्याच्या आधी १४ ला मागची काच वेगळी निघंल अशी केली, ते पण आतून सगळं बदलून, अन् बाहेरून बघणारे म्हणत होते १३ च हाय हा.

पण पूर्ण कौतुक करू देत न्हाईत ते. १६ प्रो, म्हणजे जो महाग हाय, त्याला हा गोंद न्हाई दिला, तिथं परत त्याच जुन्या पट्ट्या. कामून ते मास्तरला विचारा.