ॲन्सिबल (बऱ्याच सर्व्हरांची सेटिंग एकदम करायचं टूल): एकच व्हेरिएबल दोन ग्रुपात, वेबवर बरोबर आणि ॲपवर उलटं का?

उद्यमबागवाला
मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीय. इथल्या एका कारखान्याचे सर्व्हर बघतोय, इन्व्हेंटरीत (मशीनांच्या यादीत) जागेप्रमाणे बेळगाव, निपाणी आणि कामाप्रमाणे ॲप, वेब असे ग्रुप केलेत, म्हणजे प्रत्येक मशीन दोन ग्रुपात. जागेच्या ग्रुपात बॅकअपची वेळ (हेच ते व्हेरिएबल) रात्री 11, ॲप आणि वेब दोन्हीत पहाटे 2. आता गंमत बघा, वेब मशीनवर 2 चा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) बसतोय आणि ॲपवर 11 चा! प्लेबुक (काय काय करायचं ती फाईल) तेच, त्यातला रोल (कामांचा तयार संच) तोच. इन्व्हेंटरीत ग्रुप वरखाली करून पण बघितले, काही फरक पडंना.

निपाणीकर
फाईलीत शेवटी असंल तो ग्रुप जिंकतो ना? ॲपला खाली टाक.

खानापूरचा_लिनक्सवाला
वरखाली करून बघितलं म्हणून लिहिलंय की त्यानं, वाचा की ओ.
फाईलीतल्या क्रमाचा संबंधच नाही. दोन ग्रुप एकाच पातळीवर असले की इंग्रजी नावाच्या एबीसीडीप्रमाणे एकावर एक चढतात, शेवटचा टिकतो. ॲपचा ए, बेळगावचा बी, म्हणून बेळगाव ॲपवर चढलं, आणि वेबचा डब्ल्यू सगळ्यात शेवटी म्हणून तिथं 2. (2014 ला बेळगावचं बेळगावी झालं तरी अक्षर बीच राहिलं, त्यामुळे नाव बदलून पण सुटका नाही 😄)
क्रम बदलायचाच असंल तर ॲपला ॲन्सिबल_ग्रुप_प्रायॉरिटी दे 10. डिफॉल्ट 1 असते, मोठा आकडा जिंकतो. खरं हे इन्व्हेंटरीतच लिहायचं, ग्रुप_व्हार्सच्या (ग्रुपाची व्हेरिएबलं ठेवायच्या) फाईलीत लिहिलंस तर चालत नाही, कारण त्या फायली कुठल्या क्रमानं घ्यायच्या हेच त्यावरनं ठरतंय.

चिकोडी_डेवऑप्स
प्रायॉरिटी चालते, खरं सहा महिन्यांनी तो 10 कशाला टाकलाय ते कुणाला आठवत नाही, आम्ही भोगलंय. त्यापेक्षा बेळगाव आणि ॲप दोन्हीखाली बेळगाव_ॲप असा चाइल्ड ग्रुप कर आणि वेळ तिथं लिही, चाइल्ड पॅरेंटवर चढतोच. आणि हे पण बघ, पातळी आधी, प्रायॉरिटी नंतर, नाव सगळ्यात शेवटी. उद्या कुणी बेळगावला कर्नाटक नावाच्या ग्रुपाखाली घातलं की ते एक पायरी खोल जातंय, मग ॲपला 10 दे नाहीतर 100, बेळगावच जिंकणार. अंदाज मारत बसू नको, ॲन्सिबल-इन्व्हेंटरी ला --होस्ट आणि मशीनचं नाव दे, इन्व्हेंटरीतनं काय येतंय ते डोळ्यांनी दिसतंय. रोलच्या व्हार्समध्ये काही असंल तर मात्र तिथं दिसणार नाही आणि ते होस्ट_व्हार्सवर (एकेका मशीनच्या व्हेरिएबलांवर) पण चढतंय.

उद्यमबागवाला
प्रायॉरिटी आधी ग्रुप_व्हार्समध्येच टाकून बसलो होतो 🤦 आता चाइल्ड ग्रुप केले, बेळगावची ॲप मशीनं 2 वर आली. निपाणीचं एक मशीन तसं करूनपण 11 च दाखवत होतं, --होस्ट मारून मग फायली शोधल्या तर होस्ट_व्हार्समध्ये कुणीतरी हातानं 11 लिहिलेलं. कुणीतरी म्हणजे मीच, गणपतीच्या सुट्टीला जायच्या आधी.