मदत हवी आहे: स्प्रिंगच्या एअर रायफलवर टिकेल असा स्कोप कोणता?

मुरमाचं_वावर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातलं आमचं गाव. माझ्याकडे .१७७ म्हणजे ४.५ मिमीची ब्रेक-बॅरल (नळी मोडून छर्रा भरायची) एअर रायफल आहे, स्प्रिंगवर चालणारी, परवाना लागत नाही त्या २० ज्यूलच्या आतल्या वर्गातली. पऱ्हाटी उपटून झाली की वावर मोकळं होतं. तिथे नाल्याकाठी मातीची उंच दरड आहे, तिच्यापुढे २५ मीटरवर कागदी टार्गेट लावून आम्ही सराव करतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी पुतणी. ती अकरावीत आहे आणि तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे.

स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, हवा आहे तो माझ्या डोळ्यांसाठी. पन्नाशी ओलांडली. मागची साइट, पुढची साइट आणि टार्गेट ही तिन्ही आता एका वेळी स्वच्छ दिसत नाहीत. पुढच्या पोस्टवर नजर ठेवली की मागची खाच पसरते, जवळचा चष्मा लावला की टार्गेटच जातं. स्कोपमध्ये क्रॉसहेअर (नेमाची फुली) आणि टार्गेट एकाच अंतरावर असल्यासारखे दिसतात, त्यामुळे मला पुन्हा नेम धरता येऊ लागला. ते सुख फार मोठं आहे, म्हणून हा प्रश्न एवढा सविस्तर लिहितो आहे.

दिवाळीनंतर ३-९×४० चा, म्हणजे ३ ते ९ पट मोठं दाखवणारा आणि पुढचं भिंग ४० मिमीचं असलेला, एक स्कोप घेतला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दोष स्कोपचा, माउंटचा (स्कोप रायफलीवर धरून ठेवणाऱ्या पकडीचा) की रायफलचा हेच अजून ठरायचं आहे. सुरुवातीला २५ मीटरवर पाच छर्रे रुपयाच्या नाण्याखाली झाकले जात. आता एक दिवस सगळे खाली जातात, दुसऱ्या दिवशी डावीकडे. उंचीचा टरेट (नेम वर-खाली करायची चकती) फिरवला तर दोन-चार क्लिकपर्यंत काहीच हलत नाही आणि मग छर्रा एकदम उडी मारून वर जातो. ९ एक्सवर टार्गेट धुरकट दिसतं, ३ वर बरं दिसतं. डोळा जरा इकडेतिकडे झाला की क्रॉसहेअर टार्गेटवरून सरकताना दिसतो. सकाळच्या आणि मार्चमधल्या दुपारच्या नेमात तर उघड फरक पडतो.

दुकानदार म्हणतात, "स्कोप मोठ्या रायफलीवर चालतो, तुमच्या छर्ऱ्याच्या बंदुकीने काय बिघडणार?" मला हे पटत नाही, पण उलट काय बोलावं तेही कळत नाही.

माउंट धरून बारा हजारांपर्यंत जाऊ शकतो. अंतर १० ते ४० मीटर, त्यापुढे नाही. झगमगीत रेटिकल (आतली नेमाची खूण), लाल-हिरवा दिवा यातलं काही नको. एकदा झिरो केला, म्हणजे नेम आणि छर्रा एका जागी जुळवला, की तो तिथेच राहावा आणि पावसाळ्यात आत वाफ धरू नये, एवढंच मागणं आहे. नवीन घेण्याआधी आत्ताचाच सुधारता येतो का, तेही सांगा.

आणखी एक. वानर, रोही किंवा डुकरांसाठी स्कोप नकोय. हरभऱ्याचं नुकसान मीही सोसतो. पण छर्रा लागलेलं वानर जागेवर मरत नाही, जखम चिघळून हाल हाल होतं. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. गावात हा सल्ला मला रोज मिळतो, इथे कृपया देऊ नका.

---

वऱ्हाडी_नेम

भाऊ, शेवटचं लिहिलं ते लय चांगलं केलं.

आता पयले स्कोप काढून ठेवा. ओपन साइटवर, म्हंजे रायफलीच्याच साइटवर, पुतणीले पाच-पाच छर्ऱ्यांचे तीन ग्रुप मारू द्या, पोत्यावर हात टेकवून. तिचे ग्रुप बारके आले तं रायफल बरोबर आहे. नाही आले तं स्टॉकचे (दस्त्याचे) स्क्रू पाहा, समोरचे दोन अन् ट्रिगरगार्डचा. स्प्रिंगच्या झटक्यानं हे स्क्रू ढिले होतेच. मी दर सरावाआधी हात लावून पाहतो.

मंग माउंट. रायफलीवर ११ मिमीची डोव्हटेल पट्टी असन, तिच्यावर माउंटच्या मागच्या कडेले नेलपॉलिशची बारीक रेघ मारा. पंधरा-वीस छर्रे मारा अन् पाहा. रेघ अन् माउंटमधी फट पडली तं माउंट मागं सरकून राह्यलं. दोन वेगळ्या रिंगा असतीन तं एका तुकड्याचा माउंट घ्या, खाली स्टॉप पिन असलेला. ती पिन पट्टीवरच्या भोकात बसली पाहिजे. भोकात न बसवता नुसते स्क्रू आवळाल तं पट्टीवर चरे पडतीन अन् माउंट तरीबी सरकन.

हे पाहून इथं लिहा. तोवर पैसे काढू नका.

---

भिंग_आणि_नळी

दुकानदारांचा युक्तिवाद ऐकायला बरोबर वाटतो आणि तिथेच गडबड आहे. बारूदच्या रायफलीचा धक्का मोठा असतो, पण तो एकाच दिशेने, मागे येतो. स्प्रिंगच्या एअर रायफलीत पिस्टन पुढे झेपावतो तेव्हा रायफल मागे येते, आणि लगेच पिस्टन पुढच्या दाबलेल्या हवेवर आदळून थांबतो तेव्हा रायफल पुढे हिसकते. एका छर्ऱ्यात दोन उलटे झटके. स्कोपमधली भिंगं मागच्या धक्क्यासाठी कसून बसवलेली असतात, पुढच्या झटक्यासाठी प्रत्येक कंपनी ती तशी बसवतेच असं नाही. म्हणून भारी रायफलीवर नीट चालणारा स्कोप स्प्रिंगच्या रायफलीवर काही शे छर्ऱ्यांत ढिला पडू शकतो. घेताना एकच प्रश्न विचारा: स्प्रिंग एअर रायफलसाठी चालेल असं कंपनीने लेखी दिलंय का? दुकानदाराचा शब्द नको, कंपनीचा कागद हवा.

धुरकट दिसणं आणि क्रॉसहेअर सरकणं हा वेगळा मुद्दा, तो पॅरालॅक्सचा, म्हणजे क्रॉसहेअर आणि टार्गेटची प्रतिमा स्कोपात एकाच अंतरावर न जुळण्याचा. तुमच्या स्कोपला पुढच्या भिंगावर किंवा बाजूला अंतराची फिरती चकती नसेल, तर त्याचा पॅरालॅक्स कारखान्यातच बहुधा १०० यार्डांवर पक्का केलेला आहे. ४० मिमी भिंगाच्या अशा स्कोपातून २५ मीटरवर नेम धरताना डोळा कडेला गेला, तर नुसत्या त्या कारणाने छर्रा जास्तीत जास्त दीड सेंटिमीटरपर्यंत चुकू शकतो. तुमचा सगळा ग्रुपच तेवढा होता! म्हणजे या अंतरांसाठी एओ, म्हणजे पॅरालॅक्स जुळवता येणारा, १० यार्डांपासून सुरू होणारा स्कोप लागतोच. ही चैन नाही.

टरेटचं जे लिहिलंत त्यावरून मला बॅरलचा झुकाव वाटतो. पुष्कळ ब्रेक-बॅरल रायफलींची नळी पट्टीच्या मानाने किंचित खाली झुकलेली असते. ओपन साइटला ते कळत नाही, कारण त्या साइट नळीच्या हिशेबाने उंच-खाली करून दिलेल्या असतात. स्कोप मात्र पट्टीवर बसतो, मग छर्रा खाली लागतो आणि आपण टरेट वर-वर फिरवत जातो. वरच्या टोकाजवळ स्कोपच्या आतल्या नळीला दाबून धरणारी स्प्रिंग जवळजवळ मोकळी झालेली असते. आता झटके बसले की ती आतली नळी हवी तिथे जाते. क्लिक लागू न पडणं आणि एकदम उडी मारणं, दोन्ही त्याचंच लक्षण.

तपासायला सोपं आहे. टरेट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलक्या हाताने फिरवून एकूण क्लिक मोजा, मग आत्ताचा झिरो मधापासून किती लांब आहे ते पाहा. अगदी टोकाशी असेल तर स्कोपला दोष देण्याआधी झुकाव भरून काढणारा माउंट बघा. तो मिळेपर्यंत मागच्या रिंगमध्ये, स्कोपच्या खाली, जुन्या एक्स-रे फिल्मची एक पट्टी घाला. फार तर दोन. त्याहून जाड केलं तर स्कोपची नळी पिळवटते.

---

नवा_नेमबाज

एवढ्या भानगडीपेक्षा सरळ ४-१६×५० घ्या ना. टार्गेट मोठं दिसलं की काम सोपं.

---

भिंग_आणि_नळी

नाही हो, इथे उलट होतं. स्कोप जितका जड, तितका तो झटक्यात माउंटला जास्त ओढतो, आणि सरकण्याचा त्रास यांना आधीच आहे असं दिसतंय. ५० चं भिंग १६ एक्सवर डोळ्याकडे ३.१ मिमीचा प्रकाशाचा ठिपका पाठवतं, ४० चं ९ एक्सवर ४.४ मिमीचा. संध्याकाळी वावरात हा फरक दिसतो, शिवाय मोठ्या ठिपक्यात डोळा पटकन बसतो. आणि आपल्याकडच्या उन्हात जमिनीवरून उठणारी वाफ १६ एक्सवर टार्गेट पाण्यात ठेवल्यासारखं हलवते. ४० मीटरसाठी ३-९ पुष्कळ झालं. डोळ्यांना खरंच जास्त लागत असेल तर ४-१२, त्यापुढे नको.

---

मुरमाचं_वावर

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितलं तसं करून पाहिलं.

ओपन साइटवर पुतणीचे तिन्ही ग्रुप छान आले, म्हणजे रायफल निर्दोष. स्टॉकचा पुढचा एक स्क्रू ढिला होता, तो आवळला. नेलपॉलिशच्या रेघेपाशी फट पडली, माउंट सरकतोच आहे. आणि टरेट खरोखरच वरच्या टोकाशी आहे, वर जायला जेमतेम काही क्लिक उरले आहेत. स्कोपला अंतराची चकती नाही.

आता दोन प्रश्न. स्कोप नक्की कोणता बघू? आणि दुपारी नेम बदलतो तो उन्हानेच का?

---

भिंग_आणि_नळी

उन्हाने, हो. स्प्रिंगच्या रायफलीत तापमानाबरोबर आतलं ग्रीस पातळ होतं, सीलची पकड बदलते, छर्ऱ्याचा वेग थोडा बदलतो आणि नेम वर-खाली होतो. स्कोप काळा, उन्हात तोही तापतो. रायफल बाभळीच्या सावलीत ठेवा आणि ज्या वेळी सराव करता त्याच वेळी झिरो करा. चांगला स्कोप हा त्रास कमी करेल, पूर्ण घालवणार नाही.

स्कोपबाबत: हॉक कंपनीची एअरमॅक्स मालिका खास एअर रायफलींसाठी बनवलेली आहे, तिच्यातला ३-९×४० एओ पहिल्यांदा बघा. बजेटबाहेर जात असेल तर त्याच कंपनीचा व्हँटेज ३-९×४० एओ. नळीत नायट्रोजन भरलेला असतो, त्यामुळे आत वाफ धरण्याची भीती राहत नाही. ऑनलाइन नावाजलेल्या कंपन्यांच्या नकला फार विकल्या जातात. पक्कं बिल देणाऱ्या बंदुकीच्या दुकानातूनच घ्या.

आणला की बॉक्स टेस्ट करा, परत करण्याची मुदत संपायच्या आत. २५ मीटरवर झिरो करून तीन छर्रे मारा. मग २० क्लिक उजवीकडे, तीन छर्रे. २० वर, तीन. २० डावीकडे, तीन. २० खाली, तीन. पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक २५ मीटरवर साधारण १.८ मिमी हलवतो, म्हणजे चौकोनाची प्रत्येक बाजू ३६ मिमीच्या आसपास यायला हवी आणि शेवटचे तीन छर्रे पहिल्या तिनांवरच पडायला हवेत. ते तिथे परतले नाहीत तर स्कोप कितीही सुंदर दिसो, परत करा. ही चाचणी मात्र झुकावाचा माउंट बसवूनच घ्या, नाहीतर चांगला स्कोपही नापास होईल.

---

अंबानगरीची_ताई

काका, मी मुलींना नेमबाजी शिकवते. स्कोपचं बाकीच्यांनी सांगितलं, मी पुतणीबद्दल बोलते. तुमच्या लिहिण्यावरून तिला पुढे स्पर्धेत उतरवायचा विचार असावा असं वाटलं. तसं असेल तर तिला स्कोपची सवय लावू नका. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे १० मीटर एअर रायफलला भिंगांचा स्कोप चालत नाही, बारीक भोकाची पीप साइट असते. टार्गेट सगळं मिळून ४५.५ मिमीचं आणि मधला १० चा ठिपका फक्त ०.५ मिमी. आपल्या कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं, तेही स्कोपशिवाय.

तिला ओपन साइटवरच ठेवा, अंतर १० मीटर करा आणि उभ्याने सराव सुरू करा. घराच्या ओसरीतही जमेल, फक्त मागे भक्कम आडोसा हवा, कोणाच्या जाण्या-येण्याची वाट नको, आणि दोघांच्याही डोळ्यांवर चष्मा हवाच. तुमच्या स्कोपसाठी ठेवलेल्या पैशांतले थोडे तिच्या चांगल्या छर्ऱ्यांसाठी काढलेत तर तिला जास्त उपयोग होईल.

---

मुरमाचं_वावर

ताई, हे मला अजिबात माहीत नव्हतं. तिला वाचून दाखवलं. ओपन साइट आता तिच्याकडे, आणि तिच्या वेळेला स्कोप काढून ठेवायचा असं ठरलं.

व्हँटेज ३-९×४० एओ आणि झुकावाचा एका तुकड्याचा माउंट, असं नागपूरच्या दुकानात विचारलं आहे. ते उंची विचारतात: लो, मीडियम की हाय?

---

वऱ्हाडी_नेम

४० च्या भिंगाले मीडियम घ्या भाऊ. एओच्या चकतीनं पुढचं तोंड जाड असते, लो मधी ते रायफलीले घासन. आवळाच्या आधी ९ एक्सवर ठेवून रायफल खांद्याले लावा, डोळे मिटून गाल टेकवा, मंग उघडा. पूर्ण गोल दिसेपर्यंत स्कोप मागं-पुढं करा. रिंगचे स्क्रू एकामागून एक नाही, कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात, थोडे थोडे आवळजा. अन् दर वेळी स्कोप काढाचा असन तं रिंगा उघडू नका, माउंटसकट काढा, पिन त्याच भोकात परत बसवा अन् दोन-चार छर्रे मारून झिरो पाहून घेजा.