"लोकांना हेच पाहिजे" म्हणे. कोणत्या लोकांना विचारलं बे?

नवीपेठेतला:
परवा एका मालिका निर्मात्याची मुलाखत ऐकत होतो. त्याला विचारलं की तीच पोरगी परत परत किडनॅप कशी होते आणि शेजारच्या खोलीतलं कारस्थान घरातल्या धा माणसांपैकी एकालाही ऐकू कसं येत नाही, तर गडी हसत म्हणतोय, "आम्ही काय करणार, लोकांना हेच पाहिजे." हे वाक्य ऐकलं की आपलं डोकं सटकतंय. आमच्या सोलापुरातल्या गल्लीत तर कुणी आलं नाही विचारायला.

बऱ्याच जणांना वाटतं की आपल्या डिश नाहीतर केबलच्या डब्यातून सगळं वर कळतं. तसं नाहीये. बार्क म्हणून संस्था आहे, कोण कुठलं चॅनल बघतं ते मोजायला ती ठरावीक घरांत मीटर बसवते. २०२० च्या आसपास देशात अशी साधारण ४४ हजार घरं होती आणि टीव्ही असलेली घरं २१ कोटी, म्हणजे पावणेपाच हजार घरांमागं एक मीटर. कुणाच्या घरी आहे ते गुपित ठेवतात, ठेवायलाच पाहिजे म्हणा, कारण त्याच वर्षी जे टीआरपीचं प्रकरण गाजलं त्यात आरोपच हा होता की मीटरवाल्या घरांना पैसे देऊन चॅनल लावून ठेवायला सांगितलं. न्यूज चॅनलचे आकडे त्यानंतर २०२२ पर्यंत बंद होते.

तर माझं म्हणणं असं की बनवणारे आणि बघणारे यांचा संबंध तुटलाय. त्यांना आपण आकडा म्हणून माहीत आहोत, माणूस म्हणून नाही. बोला.

शेंगाचटणी_७७:
तुझ्या घरात लागते का मालिका? लागते ना? मग मिटलं की. रिमोट काय निर्मात्याच्या हातात हाय का?

आकडेमोड:
पावणेपाच हजारात एक हे ऐकायला कमी वाटतं, पण शितावरून भाताची परीक्षा होते, सगळं पातेलं खावं लागत नाही. नमुना नीट निवडला असेल तर ४४ हजार घरं भरपूर झाली. घोटाळा नमुन्यात झाला तर तो वेगळा गुन्हा, पद्धत चुकीची ठरत नाही.

आणि आकड्यानं फायदाही झालाय. २०१५ च्या शेवटाला बार्कनं खेडी मोजायला सुरुवात केली, त्याआधी फक्त शहरं होती. बघ २०१६ पासून काय झालं ते. कोल्हापूरची तालीम आली, कोकणातला वाडा आला, साताऱ्याकडचे फौजी आले. तोपर्यंत मराठी मालिका म्हणजे पुण्या-मुंबईचा फ्लॅट नाहीतर बंगला. गाव मोजलं म्हणून गाव दिसलं, हा मला तरी योगायोग वाटत नाही.

करमाळ्याचा_गडी:
@आकडेमोड आणि त्यात सोलापूर कुठंय? कोल्हापूर झालं, सातारा झालं, कोकण झालं. आपल्याकडची बोली टीव्हीवर आली की कॉमेडीला नाहीतर नोकराला.

आता पिक्चरचं ऐक. सैराट २०१६ ला आला तेव्हा कुठल्या मीटरनं सांगितलं होतं का, की लोकांना करमाळ्याकडची भाषा पाहिजे म्हणून? नागराज मंजुळे जेऊरचा, रिंकू राजगुरू अकलूजची, दोन्ही आपल्याच जिल्ह्यातली. लोकांना काय पाहिजे ते लोकांना तरी आधी कुठं माहीत होतं. दाखवल्यावर कळलं. त्यामुळं "विचारलं का नाही" ही तक्रारच मला पटत नाही, विचारून पिक्चर काढला असता तर आर्चीनं बुलेट चालवली नसती, तिनं स्वयंपाकघरात पोहे केले असते.

नवीपेठेतला:
@करमाळ्याचा_गडी अरे पण तो माणूस इथलाच होता म्हणून जमलं. त्याला विचारायची गरजच नव्हती. मी बोलायलोय ते एसीत बसून आपलं मत ठरवणाऱ्यांबद्दल.

बाळीवेशीतला:
मी जरा उलटं बोलतो, राग धरू नका.

माझी आई विड्या वळते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि भिजवून मऊ केलेली पानं, पत्रा ठेवून कात्रीनं पान कापायचं, तंबाखू भरून गुंडाळायची, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. हजार विड्या म्हणजे अख्खा दिवस जातो आणि संध्याकाळीही थोडं काम उरतंच. सातला टीव्ही लागतो तो साडेदहापर्यंत. ती टीव्ही बघत नाही, ऐकते. मान खाली, बोटं चालू.

आता तुम्ही ज्याला मूर्खपणा म्हणताय तो तिच्या जागेवर बसून बघा. पात्र मनातलं मोठ्यानं का बोलतंय? कारण बघणारीची नजर पानावर आहे. तेच वाक्य दोनदा का? ती मधे कुकर बंद करून आली. ढँण ढँण ढँण करून तीन तीनदा तेच थोबाड का दाखवतात? म्युझिक वाजलं की ती मान वर करते, तेवढ्यात तिला कळतं कोण आलं. शेवटी उद्याच्या भागाची झलक, दुसऱ्या दिवशी सुरुवातीला कालचं परत. एक आठवडा लग्नाला गावी गेली तरी काही चुकत नाही. मला तर वाटतं त्या लोकांना माझी आई चांगली माहीत आहे. तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही सोफ्यावर बसून बघायलाय.

शेंगाचटणी_७७:
👏👏 घ्या

जुळेसोलापूरच्या_काकू:
बाळीवेशीतल्या, तुझं बरोबर आहे बाळा, पण ऐकू येईल असं लिहिणं वेगळं आणि मूर्ख लिहिणं वेगळं. रेडिओवरच्या श्रुतिका आम्ही धुणं धुताना ऐकायचो, त्यात बायका काही इतक्या बावळट नव्हत्या. आईला विचार एकदा, तिला ती नायिका शहाणी वाटते का.

संबंध कसा असतो ते सांगते. १९८४ ला दूरदर्शनवर हम लोग लागायची. भाग संपला की अशोक कुमार समोर यायचे आणि आज काय झालं त्यावर दोन शब्द बोलायचे. लोक पत्रं लिहायची, सतरा महिन्यांत दूरदर्शनकडे चार लाखांवर पत्रं गेली म्हणतात. पुढं सुरभि आली, सिद्धार्थ काक आणि आपली रेणुका शहाणे, तर तिथं कार्डांचे एवढे ढीग यायला लागले की पोस्टानं स्पर्धेसाठी महागडं वेगळं कार्डच काढलं. पत्र लिहायचं तर माणूस बसून विचार करतो, दोन ओळी खोडतो. आता काय, अंगठा वर नाहीतर अंगठा खाली.

आकडेमोड:
काकू, चार लाख पत्रं लिहिणारे तरी कोण होते? ज्यांना लिहिता येत होतं ते. विडी वळणाऱ्या बाईचं पत्र किती वेळा गेलं असेल? मीटर निदान अक्षर ओळख विचारत नाही.

जुळेसोलापूरच्या_काकू:
हे मात्र मान्य. तरी मीटर एवढंच सांगतो की कोणतं चॅनल चालू होतं आणि घरातलं कोण आपलं बटण दाबून समोर बसलं होतं. बटण दाबून बसलेली बाई कंटाळलीय का रडतेय ते सांगत नाही.

कॉलशीटवाला:
मी बार्शीचा, मुंबईत मालिकांच्या सेटवर डायरेक्शन टीममध्ये आहे. मालिकेचं नाव विचारू नका, पोटावर पाय येतो.

गुरुवारी आकडे येतात. तो दिवस सेटवर कुणी जोरात हसत नाही. आकडा पडला की चॅनलच्या क्रिएटिव्ह टीमचा फोन, मग लेखकाला फोन, मग ट्रॅक बदल. सावकाश फुलवायचं ठरलेलं प्रेम दोन दिवसांत उरकतं आणि गेलेला नवरा परत येतो. मागं हिंदीत क्योंकि सास भी कभी बहू थी मध्ये नायिकेचा नवरा मिहीर मेला तेव्हा बायकांनी एवढा गोंधळ घातला की त्याला परत आणावं लागलं, तेव्हापासून मेलेला माणूस परत आणणं हे या धंद्यातलं हुकमी औषध झालंय. मग तुम्हीच सांगा, तुमचं ऐकत नाही का जास्तच ऐकायलोय?

दुसरं, एपिसोडची बँक नसते हो. आज शूट केलेलं परवा तेरवा टेलिकास्ट. सीनची पानं कधीकधी मेकअप चालू असताना हातात येतात. आठवड्याला सहा भाग, वर रविवारी महाएपिसोड. तुमच्यातल्या कुणीही वर्षभर रोज वीस-बावीस मिनिटांचं लिहून दाखवावं. पैसे नव्वद दिवसांनी. आणि खरं सांगू का, चॅनलचं गिऱ्हाईक तुम्ही नाही, साबणवाला आहे. तासाला दहा मिनिटं जाहिराती आणि दोन मिनिटं चॅनलची स्वतःची, एवढी नियमात परवानगी आहे. बाकीचा वेळ त्या बारा मिनिटांपर्यंत तुम्हाला धरून ठेवायला.

नवीपेठेतला:
बघा, आतल्याच माणसानं सांगितलं. साबण विकायचा म्हणून माणूस मारायचा आणि साबण विकायचा म्हणून जिवंत करायचा. याला ऐकणं म्हणत नाहीत भावा.

कॉलशीटवाला:
@नवीपेठेतला मग काय म्हणतात ते सांग. फुकटात बघायलाय तू. आणि वेब सिरीजला पैसे भर म्हटलं की टेलिग्रामवर लिंक मागतोस.

पूर्वभाग_अण्णा:
तुमच्या मराठीवाल्यांचा हाच घोळ आहे, प्रेक्षकावर खेकसायचं. आमच्या पूर्व भागात, म्हणजे सोलापूरच्या तेलुगू वस्तीत, तेलुगू पिक्चर लागला की पहाटेपासून पोरं टॉकीजवर, बॅनर, हलगी, हिरोच्या कटआउटला दूध. हिरो पण स्टेजवर आला की आधी फॅन्सना नमस्कार. तिथं नातं आहे. मराठी हिरो प्रमोशनला सोलापुरात येतो, एखाद्या कॉलेजात अर्धा तास नाचतो, "शेंगा चटणी लय भारी" म्हणतो आणि गाडीत बसून पुण्याला. सोलापुरात आलेल्या प्रत्येक माणसाला वाटतं आपण चटणीवर जगतो.

जुळेसोलापूरच्या_काकू:
अण्णा, दूध ओतणं हे नातं नाही, भक्ती आहे. देवाला कुणी म्हणत नाही की तुझं मागचं काम बरोबर नव्हतं.

पूर्वभाग_अण्णा:
काकू, दुसऱ्या दिवशी पिक्चर पडला तर तीच पोरं टॉकीजबाहेर शिव्या घालतात. भक्ती पहिल्या शोपुरतीच 😄

करमाळ्याचा_गडी:
प्रमोशनचं खरंय. आणि शोचं पण बघा ना. मराठी पिक्चरला सकाळचा नाहीतर भर दुपारचा एक शो द्यायचा, तेव्हा लूमवरचा, म्हणजे यंत्रमागावरचा, माणूस कामावर आणि पोरं कॉलेजात. मग शुक्रवारी लागलेला पिक्चर पुढच्या गुरुवारी काढायचा आणि म्हणायचं मराठी प्रेक्षक थेटरात येत नाही. २०१५ ला सरकारनं मराठीला प्राइम टाइम द्या म्हणून सांगितलं होतं, आधी संध्याकाळी सहा ते नऊ म्हणाले, मग ओरड झाल्यावर ते दुपारी बारा ते रात्री नऊ झालं. दुपारी बाराला कसला आलाय प्राइम टाइम?

शेंगाचटणी_७७:
२०२३ ला बाईपण भारी देवाला बायकांनी भिशीचे ग्रुप करून, नऊवारी नेसून थेटरं भरली की. दुपारचेच शो फुल होते. चांगलं काढलं तर येतात, वेळेचं कारण सांगू नका.

जुळेसोलापूरच्या_काकू:
चटणी, त्या गर्दीत मी पण होते. दुपारचा शो आम्हाला सोयीचा, घरी स्वयंपाकाला परत यायचं असतं. लूमवरच्या माणसाला तो सोयीचा नाही. दोन्ही खरं.

मला वेगळंच सांगायचंय. शशिकला आपल्या सोलापूरच्या, हिंदीत खलनायिका म्हणून गाजल्या, आरती आणि गुमराह या पिक्चरसाठी त्यांना लागोपाठ फिल्मफेअर मिळालं. लोक त्यांना पडद्यावर शिव्या द्यायचे. निळूभाऊ फुल्यांना तर, ते समोर दिसले तरी बायका घाबरायच्या, आणि ते त्यालाच आपली पावती मानायचे. पण ती शिवी पात्राला होती. आता मालिकेतल्या खलनायिकेनं स्वतःच्या लेकीचा फोटो टाकला तर त्याखाली लोक काय काय लिहितात ते वाचवत नाही. निर्मात्यानं आम्हाला माणूस म्हणून ओळखावं म्हणताय, मग आपण त्या पोरीला माणूस म्हणून ओळखतो का?

नवीपेठेतला:
काकू, ते लिहिणारे मूठभर असतात.

कॉलशीटवाला:
मूठभर? कमेंट्स एकदा आमच्या मेकअप रूममध्ये बसून वाच. आणि गंमत अशी की चॅनलला त्यात वाईट वाटत नाही. चर्चा आहे म्हणजे आकडा येणार.

बाळीवेशीतला:
आईला विचारलं काकूंनी सांगितलं तसं. म्हणाली ती नायिका येडी आहे, पोलिसात जायचं सोडून देवापुढं बसते. मग बघतेस का, तर म्हणे आवाज नसला की घर खायला उठतं. आणि तुझ्या मनासारखं काय दाखवावं विचारलं तर लगेच म्हणाली, मालिकेतल्या बायका दिवसभर दागिने घालून उभ्याच असतात, एक तरी बाई खाली बसून पोटासाठी काम करताना दाखवा म्हणावं.

@कॉलशीटवाला हे सांग तुझ्या क्रिएटिव्हला. विडी कामगार बाईची मालिका. सोलापुरात हजारो आहेत, मीटर बसवा नाहीतर नका बसवू.

कॉलशीटवाला:
कल्पना बेस्ट आहे, पण तंबाखू दिसला की खाली इशारा चालवावा लागतो, २०१२ पासून कडक नियम आहे. तुझी आई प्रत्येक सीनमध्ये सूप घेऊन बसणार म्हणजे प्रत्येक सीनला पट्टी. साबणवाला त्या स्लॉटला पैसे लावेल का सांग.

पूर्वभाग_अण्णा:
मग लूमवरची दाखवा. टॉवेल, चादर. त्याला पट्टी नाही.

आकडेमोड:
लूमच्या खडखडाटात डायलॉग कुणाला ऐकू जाणार अण्णा? आत्ताच ठरलं ना की बायका टीव्ही ऐकतात.

पूर्वभाग_अण्णा:
आम्ही तीस वर्षं त्याच खडखडाटात गप्पा मारायलोय. तुमच्या साउंडवाल्याला पाठवा इकडं, शिकवतो.