मदत हवी आहे: घरी नर्सची पहिली व्हिजिट, तयारीत काय राहिलं?

जळगाव. पॅरालिसिसचा पेशंट, लघवीची नळी, कमरेला बेडसोर (पडून राहून झालेली जखम), इन्शुलिन चालू. सोमवारी नर्स पहिल्यांदा येणार. बीपी, शुगर, ऑक्सिजन बघून जखमेची लांबी-रुंदी-खोली मोजायची म्हणजे तासभर धरलाय.

डिस्चार्ज कार्ड काढलंय. गोळ्या डबीत सुट्या न करता स्ट्रिपांसकट ठेवल्यात, बंद केलेल्याही. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावाने डबल जात असेल तर ते इथेच सापडतं. युरिन बॅग खाटेच्या दांडीला, पेशंटच्या कमरेच्या खाली, पण फरशीला न टेकता. वर टांगली की लघवी उलटी फिरते आणि इन्फेक्शन होतं.

अडलंय ते इन्शुलिनपाशी. उघडलेली बाटली बाहेर साधारण २८ दिवस चालते, पण खोली ३० डिग्रीच्या आत हवी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, त्यात भर दुपारी लाईट जाते! बर्फाला चिकटली तर गोठून वाया. मातीच्या भांड्यात, ओल्या फडक्यात कुणी ठेवतं का? बाटली कोरडी कशी राखता?

सलाइन, गॉज, ग्लोव्हज आपण आणायचे की नर्स आणते? आणि वापरलेल्या सुयांचा जाड डबा भरला की गावात कोण घेतं? घंटागाडीत तसाच टाकायचा नाहीये.