मदत हवी आहे: गेम खेळताना पीसी धाडकन रीस्टार्ट होतो, निळी स्क्रीनसुद्धा येत नाही

रामबागकर
नमस्कार मंडळी. गेम सुरू करून दहा ते चाळीस मिनिटं झाली की स्क्रीन काळी पडते, पंखे क्षणभर थांबतात आणि पीसी आपोआप पुन्हा चालू होतो. ब्राउझर, एक्सेल, यूट्यूब दिवसभर चालवा, काही होत नाही.

रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड, ८+८ जीबी डीडीआर४ ३२०० (एक्सएमपी, म्हणजे रॅम जाहीर वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग, चालू), ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०७० (दोन ८-पिन कनेक्टरवालं), ५५० वॉटचा ब्रॉन्झ एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा बॉक्स), ६०० व्हीएचा यूपीएस. मॉनिटरही त्याच यूपीएसवर. विंडोज ११.

करून झालेलं: ग्राफिक्स ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयूने (जुना ड्रायव्हर मुळासकट पुसणारं टूल) काढून नवा टाकला, विंडोज रीसेट केलं, थर्मल पेस्ट बदलली. गेममध्ये सीपीयू ७२, जीपीयू ७४ अंश. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये प्रत्येक वेळी कर्नल-पॉवर ४१. जेल रोडवरच्या एका दुकानात 'कार्ड गेलंय, बदला' असं सांगितलं. खरंच कार्ड गेलंय का? एवढे पैसे घालण्याआधी खात्री करायची आहे.

टिळकनगर_पीसी
कार्डाला हात लावू नका इतक्यात. ४१ नंबर म्हणजे कारण नव्हे, 'मागच्या वेळी नीट बंद न होता उठलो' एवढीच विंडोजची तक्रार. त्या नोंदीवर डबल क्लिक करा, डिटेल्समध्ये बगचेककोड बघा. २७८ असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर किंवा कार्ड. २९२ असेल तर हार्डवेअरची चूक प्रोसेसरने पकडली, मग त्याच वेळेची WHEA-Logger १८ (हार्डवेअरच्या चुकांची) ही नोंद शोधा. शून्य असेल तर विंडोजला काही लिहून ठेवायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे बहुतेक वीजच तुटली.

तापमान बाजूला ठेवा. ५६००ची मर्यादा ९० अंश, ३०७०ची ९३. तुम्ही बरेच खाली आहात. शिवाय मे महिन्यातल्या दुपारी आणि माळव्यातल्या गार रात्री सारखाच बंद पडत असेल, तर उष्णतेचा संबंध उरतच नाही.

आता तीन गोष्टी बघून सांगा. बंद पडतो त्या क्षणी मॉनिटरचा दिवा जातो का? यूपीएसमधून 'टक्' आवाज येतो का? आणि कार्डाला एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबल आल्यात, की एकाच केबलला दोन तोंडं आहेत?

रामबागकर
बगचेककोड सगळीकडे ०. रात्री एक वाजताही बंद पडतो, त्यामुळे उष्णता नाही हे पटलं. केबल एकच, शेवटाला दोन तोंडं. मॉनिटरचं मात्र विचित्र आहे. बहुतेक वेळा दिवा राहतो, 'नो सिग्नल' येतं आणि पीसी स्वतःच उठतो. पण दोन-तीनदा संध्याकाळी यूपीएस 'टक्' वाजून लांब बीप झाला आणि मॉनिटरसकट सगळं अंधारात. तेव्हा यूपीएसचं बटण दाबूनच चालू करावं लागलं.

टिळकनगर_पीसी
मग हे दोन आजार आहेत, एक नव्हे. म्हणूनच एक उपाय केला तरी गुण आला नाही असं वाटत राहतं.

आधी यूपीएस. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॉट नव्हे. मागच्या पट्टीवर बघा, ३६० वॉट लिहिलेलं असेल. आता हिशेब: कार्ड २२०, प्रोसेसर पूर्ण भारावर ७६, बोर्ड-रॅम-पंखे-एसएसडी मिळून ५० धरा. झाले साधारण ३४६. एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर भिंतीतून ४०७ वॉट ओढले जातात, वर मॉनिटरचे तीसेक. म्हणजे ३६०च्या खांद्यावर ४३५. मेन्सवर असताना तो कसाबसा निभावतो. संध्याकाळी गल्लीतले कूलर-एसी एकदम सुरू झाले, व्होल्टेज पडलं, की यूपीएस 'टक्' करून बॅटरीवर जातो आणि तिथे एवढं ओझं दिसल्यावर हात वर करतो. ब्राउझर चालू असताना तोच 'टक्' होतो, पण ओझं शंभर वॉटच्या आसपास, म्हणून कळतही नाही.

दुसरा आजार: मॉनिटर चालू राहून नुसती कॅबिनेट रीस्टार्ट होणं. यूपीएस गेला असता तर मॉनिटरही गेला असता. ५५० वॉट सरासरीला पुरतात, पण ३०७० कार्ड मिलिसेकंदापुरतं २२०च्या बरंच वर उडी मारतं. त्या उडीला जुना एसएमपीएस दबला, की 'पॉवर गुड' (वीज ठीक आहे असं बोर्डाला सांगणारा) सिग्नल पडतो आणि बोर्ड रीसेट मारतो. एनव्हिडिया स्वतः ३०७०साठी ६५० वॉट सुचवते. ओव्हरलोडचं संरक्षण लागलं असतं तर एसएमपीएस बहुधा मागचं बटण बंद-चालू केल्याशिवाय उठला नसता. तुमचा स्वतः उठतो, हीच खूण.

सराफा_रात्री_दोन
एक वेगळी शंका. एक्सएमपी चालू आहे म्हणताय, रॅम का नाही? ३२०० वर न टिकणाऱ्या स्टिकने असे खेळ केलेले पाहिलेत.

टिळकनगर_पीसी
शक्य आहे, पण रॅमची चूक बहुधा निळी स्क्रीन देते किंवा गेम डेस्कटॉपवर फेकते, आणि दर वेळी वेगळ्याच ठिकाणी. इथे नेहमी शून्य कोड आणि नेहमी भार असतानाच. तरी वगळून टाकायला हरकत नाही: पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) टाकून रात्रभर चार पास होऊ द्या. एक जरी लाल ओळ आली तर एक्सएमपी बंद करून पुन्हा. फक्त सगळे उपाय एकदम करू नका, नाहीतर कशाने बरं झालं तेच कळणार नाही.

माझा क्रम असा. पहिल्या दिवशी यूपीएस काढून पीसी थेट भिंतीतल्या सॉकेटला. ४०० वॉट म्हणजे दोन अँपिअरही नाहीत, ६ अँपिअरचं सॉकेट पुरेसं आहे, पण ढिलं नको. प्लग हलवल्यावर ठिणगीचा आवाज आला तर दुसरं सॉकेट. दुसऱ्या दिवशी कार्डाला दोन स्वतंत्र केबल. एका ८-पिनची मर्यादा १५० वॉट, स्लॉटमधून ७५. एकाच तारेवर दोन तोंडं लावली की सगळा प्रवाह तिच्यावर येतो. केबल काढल्यावर तोंडाचं प्लास्टिक उजेडात धरून बघा, एखादी पिन तपकिरी झाली आहे का. तिसऱ्या दिवशी आफ्टरबर्नरमध्ये (कार्डाच्या सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर) पॉवर लिमिट ७० टक्के, म्हणजे कार्ड १५४ वॉटवर बांधलं. त्यावर टिकलं तर संशय विजेवर पक्का. पुरावा नव्हे, कमकुवत कार्डही कमी वॉटवर शांत बसतं. पुरावा एकच, दुसरा एसएमपीएस लावून पाहणं.

एचडब्ल्यूइन्फोमध्ये (सेन्सरचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर) लॉग लावाल तर पोलिंग, म्हणजे दोन नोंदींमधलं अंतर, ५०० मिलिसेकंदांवर आणा. बोर्डाच्या १२ व्होल्टच्या आकड्यावर विसंबू नका, कार्डाचा स्वतःचा ८-पिन इनपुट व्होल्टेजचा आकडा बघा. ११.४च्या खाली गेला तर केबल किंवा एसएमपीएस. वर राहिला म्हणून मात्र निर्दोष सुटत नाही, मिलिसेकंदाचा खड्डा लॉगमध्ये सापडत नाही.

लोकमान्य_वायरमन
एक भर. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण होते का? होत असेल तर अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधून थोडी गळती बॉडीवर येते, ती जायला वाट नसते. मल्टिमीटरने न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वायरमन बोलवा. रीस्टार्टचं कारण बहुधा ते नाही, पण ठेवून देण्यासारखंही नाही. आणि स्टॅबिलायझर घेऊ नका, भिया. एसएमपीएसवर १००-२४० व्होल्ट लिहिलं असेल तर व्होल्टेजचा चढउतार तो स्वतः सांभाळतो.

रामबागकर
चार दिवसांचा अहवाल. मेमटेस्टचे चार पास स्वच्छ. थेट भिंतीतून चालवल्यावर सगळं अंधारात जाणं थांबलं, रीस्टार्ट मात्र तसाच. जुनी केबल काढली तर एका तोंडाच्या कोपऱ्यातल्या पिनभोवती चहाच्या डागासारखा तपकिरी रंग आणि प्लास्टिक किंचित फुगलेलं. कार्डाच्या बाजूच्या पिना स्वच्छ, चकचकीत. दोन केबल लावल्यावर चाळीस मिनिटांचे दीड तास झाले, पण शेवटी गेलाच. पॉवर लिमिट ७० वर सलग तीन तास काही नाही. मावसभावाचा ७५० वॉटचा गोल्ड एसएमपीएस मिळतोय. फक्त बॉक्स बदलून केबल माझ्याच ठेवू का? ओढायचा कंटाळा आहे.

टिळकनगर_पीसी
अजिबात नको! मॉड्युलर, म्हणजे एसएमपीएसपासून सुट्या होणाऱ्या, केबलचं एसएमपीएसकडचं तोंड दिसायला सारखं, आतली जोडणी कंपनीगणिक वेगळी, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळी. ५ व्होल्टच्या जागी १२ गेले तर एसएसडी क्षणात जळते. त्या बॉक्सच्या त्याच्याच केबल लावा, सगळ्या. २४-पिन, सीपीयूची ८-पिन, साटा, काही सोडू नका. मग पॉवर लिमिट १०० वर आणून ओसीसीटीची (पीसीवर पूर्ण भार टाकून तपासणारं सॉफ्टवेअर) पॉवर टेस्ट एक तास, नंतर नेहमीचा गेम.

रामबागकर
ओसीसीटी एक तास, शून्य चूक. त्यानंतर दोन संध्याकाळी मिळून सात तास गेम, लिमिट १००, एकदाही गेला नाही. ५५० वाल्याची पाच वर्षांची वॉरंटी, सात महिने शिल्लक. सर्व्हिस सेंटरला काय लिहू? आणि यूपीएस कोणता?

टिळकनगर_पीसी
'पीसी बंद पडतो' एवढंच लिहू नका, ते दहा मिनिटं पंखा फिरवून 'ठीक आहे' म्हणून परत देतील. लिहा: ३०० वॉटवरच्या बदलत्या भारावर रीसेट होतो, कार्ड १५४ वॉटवर बांधलं की होत नाही, दुसऱ्या एसएमपीएसवर तेच कार्ड एक तास चाललं. तपकिरी पिनेचा फोटो जोडा, केबलही सोबत द्या. बदलून आला तर कमी वॉटच्या पीसीला वापरा. या कार्डाला नवीनच घ्या, ६५० किंवा ७५०, आणि एटीएक्स ३.० (एसएमपीएसचं मानक) लिहिलेला, त्या मानकात वॉटच्या दुप्पट उडी १०० मायक्रोसेकंद सहन करावी लागते.

यूपीएस घेताना व्हीए विसरा, वॉट वाचा. ६०० वॉट हवेत, आणि प्युअर साइन वेव्ह, म्हणजे बॅटरीवरही मेन्ससारखीच गुळगुळीत लहर देणारा. त्याला महाग म्हणत असाल तर जुना ६०० व्हीए राउटर आणि मॉनिटरला लावा, पीसी थेट भिंतीत.

रामबागकर
राउटर आणि मॉनिटरच लावले. कार्ड जागेवरच आहे. केबलचा फोटो वर टाकलाय, कोणाला आपली पिन ताडून पाहायची असेल तर.